पाटीवरचे अठ्ठावीस

६ फेब्रुवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, हात वळला नाही. नुसतं दादा चालवून घे.

दोन वर्षांनी लिहितोय. माझा नंबर तू अडवून ठेवलायस, म्हणून कागद. पत्ता घरचा न घालता क्लासचा घातलाय, कारण क्लासला आलेला प्रत्येक लिफाफा तू स्वतः फोडतोस. कुणी तक्रार तर केली नाही ना, ही धास्ती तुला पहिल्यापासून.

छोटीला ओरडू नकोस, बहीण आहे ती आपली. तिने मैत्रिणीकडून मला पत्र टाकलं आणि आत तुझ्या क्लासचं नवं पत्रक घडी करून घातलं. बिचारीला वाटलं मला आनंद होईल. मी ते चुरगळलं, मग परत सरळ करून वाचलं.

पिवळाजर्द कागद, लाल अक्षरं. वर तू, हाताची घडी घालून, मान जरा तिरकी, जसा काही गणिताचा शोध तूच लावलास. खाली आमच्या केंद्राच्या फाटकातल्या पाटीचा फोटो, तो मी छोटीला कधीकाळी पाठवला होता. आणि फोटोखाली चौकटीत: 'सरांचे धाकटे बंधू उपग्रह केंद्रात अभियंता आहेत.'

अभियंता म्हणे. नववी नापास अभियंता.

तर तुझ्या बंधूंचं काम काय ते ऐक. इथे माळावर एक मोठी पांढरी तबकडी आहे, तीन मजली घराएवढी. उपग्रह डोक्यावरून जातो तेव्हा ती त्याच्याकडे तोंड करून मान फिरवत राहते आणि त्याने पाठवलेलं सगळं ऐकून घेते. एरवी वाऱ्याने हलू नये म्हणून तिच्या बुडाशी मनगटाएवढी लोखंडी खुंटी घातलेली असते. उपग्रह यायच्या आधी ती खुंटी काढायची, तो गेला की परत घालायची. ते मी करतो. मधल्या वेळात दातेरी चाकांचं जुनं ग्रीस खरवडायचं आणि नवं लावायचं. जुनं ग्रीस म्हणजे काळा, आंबट वासाचा चिकटा, त्यात मेलेले किडे आणि पिसं. शिवाय शिडी लावून तबकडीवरची पक्ष्यांची घाण धुवायची. उन्हात ती दगडासारखी वाळते, पाणी मारलं की वास उठतो, आणि ते पाणी बाहीतून थेट काखेपर्यंत येतं. दोनदा साबण लावला तरी घास तोंडाशी नेताना तोच वास. खोलीवर आम्ही चौघं. एकजण पायाची नखं कापून खिडकीत ठेवतो, का ते विचारायची माझी हिंमत नाही.

ही तुझ्या घराण्याची अभियांत्रिकी.

पण शिसारी मला कामाची आली नाही. ती तुझी आली. सहा वर्षं तुझा फळा पुसला. तुझी टिपणं माझ्या अक्षरात उतरवून दिली, कारण माझं अक्षर चांगलं, तेवढं एकच तू कबूल करायचास. एकोणीस वर्षांचा घोडा मी, आणि समोर दहावीची पोरं. तू मला फळ्याजवळ बोलावून वर्गमूळ काढायला लावलंस, आणि जमलं नाही तेव्हा त्यांना म्हणालास, "याला बेरीजसुद्धा येत नाही. हा आजचा पहिला धडा, असे होऊ नका." मग तोंड भिंतीकडे, एक तास. त्या भिंतीच्या रंगाला कुठे पोपडे आलेत ते मला अजून सांगता येईल. तास संपल्यावर मी डस्टर फेकलं, ते तुझ्या चष्म्यावर बसलं, काच फुटली. मी माफी मागितली नाही. आजही मागत नाही.

आणि आता त्याच माणसाची शेखी मिरवतोस. लाज विकली तरी माणूस थोडी मागे ठेवतो.

पत्रकातून मला काढ. फळ्यावर तू चुकीखाली दोन रेघा मारतोस आणि ध्यानात ठेवायच्या ओळीखाली एक. 'अभियंता' शब्दाखाली दोन मार आणि छापखान्यात परत दे.

धाकटा


१५ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. मी वाटही पाहत नव्हतो. मागचं पत्र रागाचं होतं, हे कामाचं आहे, त्यामुळे शेवटपर्यंत वाच.

पाटीवरचा आकडा चुकीचा आहे.

पाटीवर लिहिलंय की हा उपग्रह जमिनीपासून पाचशे किलोमीटर उंचीवरून सेकंदाला अठ्ठावीस किलोमीटर वेगाने फिरतो. पाचशे बरोबर आहे. अठ्ठावीस साफ चूक. आणि तुझ्या पत्रकाच्या पाठीमागे तेच गणित 'चार सेकंदांत उत्तर' म्हणून सोडवून छापलंयस, उत्तर अठ्ठावीस.

तुझ्या क्लासचं काय व्हायचं ते होवो. मला छोटीचं पडलंय. तिने लिहिलंय की चौदा मार्चला तिची तोंडी परीक्षा आहे. तंत्रशाळेच्या उपग्रह विभागात जागा बारा, लेखी ती पास झाली. आणि पुढे लिहिते, 'तोंडीत मी तुझ्या पाटीचं उदाहरण देणार. अठ्ठावीस. तोंडपाठ आहे, दादाने करून घेतलंय.' समोर तीन माणसं बसणार, ज्यांचा जन्म यात गेला. त्यांच्यासमोर ही मान ताठ करून अठ्ठावीस म्हणणार आणि वर सांगणार की माझा भाऊ तिथेच असतो. तिचं हसं होईल, दादा. आईबाबा गेल्यावर त्या पोरीने आपल्याकडे काही मागितलं असेल तर ही एक जागा.

मला हे कसं कळलं ते सांगतो. इथे एक म्हातारे मिस्त्री आहेत, तबकडीच्या मोटारी तेच बघतात. फटकळ माणूस. पाटी मी रंगवली म्हणून मला चित्रकार म्हणतात. साडेअकराच्या सुमाराला उपग्रहाची एक फेरी असते. तो माळाच्या एका टोकाला उगवतो, दहा-अकरा मिनिटांत दुसऱ्या टोकाला बुडतो. मग तोच पृथ्वीला वळसा घालून पहिल्या फेरीपासून पंचाण्णव मिनिटांनी पुन्हा येतो. तेवढ्यात आम्ही खुंटी घालतो, हात घासतो, डबा खातो. मागच्या आठवड्यात आम्ही फाटकाशी सावलीत बसलो होतो. मिस्त्रींनी घास थांबवून पाटी वाचली, दोन वर्षांत पहिल्यांदाच असेल, आणि म्हणाले, "चित्रकार, ही पाटी खरी असती तर आपण दोघं उपाशी मेलो असतो."

मी म्हटलं, का?

तर म्हणाले की एवढ्या वेगाने निघालेला गडी सव्वीस मिनिटांत वळसा संपवून परत डोक्यावर येईल. खुंटी घालून साबण शोधेपर्यंत हजर. मग आपण रोज दीड तास पाय पसरून खातो तो कुणाच्या मेहरबानीने?

मला आधी हसू आलं, मग हातातला घास डब्यात परत ठेवला. चूक कुठे झाली तेही त्यांनीच दाखवलं. तिथे ट्रक उभा होता, चाकं चिखलाने भरलेली. म्हणाले, चाक किती मोठं ते मोजताना काठी कुठून धरायची? आसापासून. उपग्रह पृथ्वीच्या मध्याभोवती फिरतो, त्यामुळे अंतर मध्यापासून धरायचं. पृथ्वीच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच चौसष्टशे किलोमीटर आहेत, त्यावर हे पाचशे. एकूण एकोणसत्तरशे. "चौसष्टशेचं चाक सोडून दिलंस आणि टायरवरचा चिखल तेवढा मोजलास," म्हणाले. म्हणजे मला नव्हे. ज्याने कुणी हा आकडा काढला असेल त्याला.

मी फक्त रंगवतो. वरून जे आलं ते रंगवलं. पाटीशी माझा संबंध रंगापुरता.

छोटीला सांग, पाचशे घालायचे नाहीत, एकोणसत्तरशे घालायचे. उत्तर साडेसातच्या किंचित वर येतं. एवढंच सांग. माझं नावही घेऊ नकोस.

धाकटा


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, आणि त्यात दोन ओळी. 'पाटी शास्त्रज्ञांनी लिहिलेली आहे. तू ग्रीस लाव.'

ग्रीस लावूनच लिहितोय, कागदाचा कोपरा बघ.

तू गणित करून पाहिलंच नाहीस. मला माहीत आहे तू काय केलंस. पाटीवरचं उत्तर घेतलंस, सूत्र घेतलंस, पाचशे घालून बघितलेस, अठ्ठावीस आले, खूश झालास. उत्तर जुळलं की तुझ्या डोक्याचं दार बंद. ज्या माणसाकडे चाळीस पोरं रोज सकाळी वह्या उघडून बसतात, तो माणूस एक क्षण असा विचार करत नाही की मध्यापासून पाचशे किलोमीटरवर फिरणारा उपग्रह हा जमिनीच्या पोटात फिरतोय. किडा झाला तो, उपग्रह नाही. याचं मला हसू यायला हवं होतं. किळस येते.

ठीक आहे. शास्त्रज्ञांचं नाव घेतलंस ना, मग त्यांचं सोड, माझ्या खुंटीचं ऐक. आठ दिवस मी घड्याळ लावून वेळा लिहिल्या. फेरीपासून फेरी, पंचाण्णव मिनिटं. एखादं मिनिट इकडे-तिकडे. पंचाण्णव मिनिटांचे सेकंद सत्तावन्नशे. मध्यापासून एकोणसत्तरशे किलोमीटर, त्याची दुप्पट, गुणिले तीन पूर्णांक चौदा, म्हणजे एका वळशाला त्रेचाळीस हजार तीनशे किलोमीटर. भागिले सत्तावन्नशे. सात पूर्णांक सहा.

आता तुझं सूत्र. पृथ्वीच्या ओढीचा तो मोठा आकडा, तीन लाख अठ्ठ्याण्णव हजार सहाशे, भागिले एकोणसत्तरशे, आणि त्याचं वर्गमूळ. सात पूर्णांक सहा.

एकदा घड्याळाने, एकदा सूत्राने, दोन्ही वाटांनी एकाच दारात. मी हे ग्रीसच्या डब्याच्या झाकणावर खडूने केलं. झालं तेव्हा मिस्त्रींना दाखवलं, ते म्हणाले "हं" आणि झाकण पुसून डब्यावर लावलं. त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

छोटीचा फोन तू काढून घेतलायस, म्हणून शेजारच्या काकूंना फोन केला होता की छोटीला बोलवा. त्या म्हणाल्या तुमच्या भावाभावांत मला ओढू नका, आणि सर म्हणतात परीक्षेपर्यंत तिला कुणाचा निरोप द्यायचा नाही, लक्ष उडतं. मी म्हटलं आकड्याचा निरोप आहे. त्या म्हणाल्या म्हणजे नंबर लागला की काय कसला. मी ठेवून दिला.

पाटी शास्त्रज्ञांनी लिहिली, हे तू परत परत म्हणशील. त्यावर मला एक सांगता येईल, पण सांगवत नाही. तू तुझ्या हाताने गणित कर एवढंच मागतोय. अजून सोळा दिवस आहेत.

धाकटा


४ मार्च

दादा,

तुझं दुसरं कार्ड आलं. 'शास्त्रज्ञ की नववी नापास, कुणाचं ऐकू?'

चल, संपवतो.

पाटी शास्त्रज्ञांनी लिहिलेली नाही. ती मी लिहिली. रंगवली म्हणतोय तेवढंच नाही. अठ्ठावीस मी काढले.

इथे लागून तीन महिने झाले होते. कुणीतरी मोठे पाहुणे येणार म्हणून साहेबांनी फाटकात पाटी लावायचं ठरवलं. माझं अक्षर पाहून मला बोलावलं आणि चिठ्ठी दिली. तीत सगळं होतं, उपग्रहाचं वजन, उंची पाचशे, खाली सूत्र, तो मोठा आकडा, आणि वेगाच्या जागी रिकाम्या टिंबांची ओळ. म्हणाले, वेग आतल्या इंजिनिअरकडून भरून घे आणि मग रंगव.

आतला इंजिनिअर म्हणजे माझ्याच वयाचा. पांढरा सदरा, थंड खोली, दारावर लिहिलेलं की बूट काढून या. मी दारापर्यंत गेलो. माझ्या मोज्यांना ग्रीसचा वास येत होता. तो कुणाशी तरी हसत होता, आणि ते हसणं ऐकून मला ती भिंत आठवली. मी परतलो. मनात म्हटलं, याच्याकडे कशाला तोंड वेंगाडायचं? सूत्र आहे, आकडे आहेत, एक जागा रिकामी आहे. मोबाईलवर केलं. तीन लाख अठ्ठ्याण्णव हजार सहाशे भागिले पाचशे, वर्गमूळाचं बटण, अठ्ठावीस पूर्णांक दोन. पूर्णांकानंतरचं उडवलं, पाटीवर शोभत नव्हतं म्हणून. निळ्या रंगात रंगवलं, त्याला पांढरी किनार दिली, इतर कुठल्याच अक्षराला दिली नाही.

पाहुणे आले, फोटो काढून गेले. मी पाटीचा फोटो छोटीला पाठवला. माझं पहिलं वर्गमूळ, दादा. मला वाटलं होतं ती तुला दाखवेल आणि तुला कळेल.

तुला कळलं नाही, पण तू ते छापलंस.

आता पुढचं नीट वाच. ती रिकामी जागा मी तशी का भरली? कारण सहा वर्षं तुझ्या फळ्याखाली उभं राहून एकच वाक्य ऐकलं. पोरं विचारायची, सर, हा आकडा इथे का घालायचा, आणि तू म्हणायचास, "विचार करू नका. प्रश्नात जो आकडा दिलाय, तो सूत्रातल्या रिकाम्या जागेत घाला." वर्गमूळ मला कधी आलं नाही, पण हे माझ्या हाडात बसलं. पाचशे दिलेले होते, जागा रिकामी होती, घातले. तूही तेच केलंस. छोटीही तेच करणार. एकाच घरातली तीन माणसं एकच खड्डा चुकवायला शिकली नाहीत, कारण तो खड्डा आपल्याच अंगणात होता.

दोन वर्षं मी त्या पाटीखाली बसून डबा खाल्ला. रोज खुंटी काढली, घातली, पंचाण्णव मिनिटं मोजून परत काढली, आणि डोक्यावर लिहिलेलं खोटं मला एकदाही दिसलं नाही. मिस्त्रींनी दाखवल्यावरसुद्धा मी तुला लिहिलं की मी फक्त रंगवतो. ते वाक्य आठवलं की स्वतःच्या तोंडाची चव नकोशी होते. तबकडीवरची घाण त्यापुढे काहीच नाही, ती पाण्याने जाते.

तर तू जिंकलास. नववी नापास खरंच मूर्ख निघाला. चाळीस पोरांना सांग, पहिला धडा म्हणून सांग, माझं नाव घेऊन सांग. पाहिजे तर माझा फोटो लाव. पण पाटी शास्त्रज्ञांची नाही म्हटल्यावर आता तरी तुला आडोसा उरला नाही ना? छोटीला सांग. दहा दिवस आहेत.

आणि चष्म्याचं. डस्टर मी फळ्यावर मारणार होतो. नेम चुकला. हेही खोटं आहे, नेम बरोबर होता. चुकलं माझं.

धाकटा


२२ मार्च

दादा,

तुझा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. दोन वर्षांत पहिला फोन, आणि तू म्हणालास, "तिला घेतलं. अकरावी आहे यादीत," आणि ठेवून दिलास. मी हातात ब्रश घेऊन तसाच उभा. खालून मिस्त्री ओरडले की चित्रकार, समाधी लागली का?

काल छोटीचं सविस्तर पत्र आलं. आता तुला काही लपवता येणार नाही.

ती लिहिते, तेरा तारखेला सकाळी तू क्लासमध्ये माझं पत्र हातात घेऊन उभा राहिलास. पत्रकं परत मागवलीस, जुनं गणित फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्यास, चाकाचं आणि खुंटीचं सांगून ते नव्याने सोडवलंस, आणि माझी कबुली पोरांना वाचून दाखवलीस. मोज्यांच्या वासासकट. पोरं हसली. वाचता वाचता एका जागी थांबलास, पाणी प्यायलास, आणि पुढच्या परिच्छेदावर उडी मारलीस. कुठला परिच्छेद गाळलास ते तिला तेव्हा कळलं नाही. मला न सांगता कळलं. रिकाम्या जागेचा.

वाचून माझं पित्त खवळलं. मला भिंतीकडे तोंड करून परत उभं केलंस, आणि या वेळी मी गावातही नव्हतो. स्वतःची चूक घोटभर पाण्याबरोबर गिळलीस. असला माणूस फळ्यासमोर उभा राहतो याची

फेरीची वेळ झाली. उरलेलं आल्यावर.

*

आलो. खुंटी काढली, घातली, जेवलो, दुसऱ्या फेरीला परत काढली, घातली. वरचं वाक्य पुरं करणार होतो, आता राहू दे.

पाटीचं सांगायचं राहिलं. चार तारखेचं पत्र टाकून मी सरळ साहेबांकडे गेलो. बूट काढले. म्हटलं, साहेब, पाटीवरचा वेग चुकलाय, मी कुणाला न विचारता भरला होता, जी शिक्षा असेल ती द्या. त्यांनी कागदावरून मान वर केली आणि विचारलं, "कुठली पाटी?"

मी फाटकाकडे बोट दाखवलं. म्हणाले, अच्छा, ती. मग बदल ना. आणि परत कागदात.

दोन वर्षं चूक होती, कुणी वाचली नाही. आता अठ्ठावीस खरवडून सात पूर्णांक सहा लिहिलंय, तेही कुणी वाचलेलं नाही. रोज शंभर माणसं त्या फाटकातून आत येतात, हातातला ओळखपत्राचा दोरा फिरवत. शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं. पांढरी किनार या वेळी दिली नाही.

तोंडीचं छोटीने लिहिलंय ते असं. तिला उपग्रहाचा वेग विचारला. तिने सात पूर्णांक सहा सांगितलं. मधल्या बाईंनी विचारलं, पाठ केलंय की कळलंय? तिने टायरवरच्या चिखलाचं सांगितलं, आणि मग म्हणाली, "माझा भाऊ तिथे खुंटी काढतो. वेग जास्त असता तर त्याला जेवायला वेळ मिळाला नसता." तिघंही हसले. ती लिहिते, आधी मला रडू येणार होतं, मग पाहिलं तर त्यातला एक माणूस कागदावर पंचाण्णव लिहून भागाकार करून बघत होता.

खुंटी काढतो, असं म्हणाली. अभियंता म्हणाली नाही. तेवढ्यासाठी तुझे दहा अपराध पोटात घालायला तयार आहे, अकरावा नाही.

अकरावा कुठला ते तुला माहीत आहे. तेच लिहायला बसलो होतो, तेच मघाशी अर्धं राहिलं. पण दुसऱ्या फेरीला तबकडी वळत असताना मी छोटीच्या पत्राचं शेवटचं पान परत काढून वाचलं. पहिल्यांदा रागात नीट वाचलंच नव्हतं. ती लिहिते, परीक्षेहून आल्यावर दादाच्या टेबलावर तुझं पत्र सापडलं, तेव्हा कळलं त्याने काय गाळलं होतं. पत्र चार घड्या पडून मऊ झालंय, म्हणजे खिशात घेऊन फिरत असणार. सगळं कोरं आहे, कुठे खूण नाही. फक्त 'प्रश्नात जो आकडा दिलाय' ही ओळ पेन्सिलने अधोरेखित केलीय.

मी तिला तिथूनच निरोप टाकून विचारलं, किती रेघा, चुकीच्या दोन की ध्यानात ठेवायची एक. फोन आता सुटलाय तिचा, मघाशी उत्तर आलं.

एकच.

धाकटा